कोणाला देऊ नये

सिंधु माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली तेव्हा मी देवघेवीच्या रजिस्टरात नोंदी करत होतो. दोन हजार दोन सालचा ऑक्टोबर नुकताच लागला होता. औसा तालुक्यातल्या तिच्या गावाहून आमच्या अहमदपूरला यायचं तर लातूरला एसटी बदलावी लागते, सगळा दिवस जातो. नऊ वर्षांच्या ओळखीत ती वाचनालयात पहिल्यांदाच येत होती. मी उठून खुर्ची पुढे केली, पाणी विचारलं. ती बसली नाही. पाणीही घेतलं नाही.

"आप्पा, विहिरीचं पुस्तक माझ्या लेकीच्या हातात कसं गेलं, तेवढं सांगा. मी जाते."

मग तिनं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुकन्या, तिचं उरलेलं एकच लेकरू, लातूरला अकरावीत होती. कॉलेज नावापुरतं, खरं शिकणं एका मोठ्या क्लासमध्ये. क्लासनं तिच्याकडून फी घेतली नव्हती, कारण ती भूकंपातली मुलगी होती. त्या बदल्यात त्यांच्या पत्रकावर तिचा फोटो होता आणि फोटोखाली 'भूकंपकन्या' असं छापलेलं होतं. तीस सप्टेंबरला, भूकंपाला नऊ वर्षं झाली त्या दिवशी, क्लासच्या हॉलमध्ये श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. सुकन्याच्या हातात ऐनवेळी एक छापील कागद दिला आणि माइकवर वाच म्हणाले. तिनं तो वाचला, शेवटी आली आणि थांबली. बाजूच्या सरांना काहीतरी विचारलं. मग माइक टेबलावर ठेवून तीनशे मुलांमधून चालत बाहेर गेली, ती थेट नांदेडला मावशीच्या घरी. आता लातूरला जायला तयार नाही आणि घरी यायलाही तयार नाही. आईशी एक शब्द बोलत नाही.

सिंधुनं तो कागद माझ्या रजिस्टरवर ठेवला. विहीर ढासळते आणि दोन भाऊ खाली अडकतात, तो उतारा होता. खाली बारीक अक्षरात 'आमच्या शंभर निवडक पुस्तकांच्या यादीतून' असं होतं, आणि त्याच्या खाली यादी करणाऱ्याचं नाव. माझं.

मी म्हणालो, चौकशी करतो. माझ्याच नावाची मी चौकशी करणार होतो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि परतीच्या गाडीला निघून गेली. त्या वेळी मी खरं बोलायला हवं होतं. आज ऐंशी ओलांडल्यावरही ती दोन मिनिटं आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

खरं काय होतं ते सांगतो.

भूकंपानंतर मी महिन्यातले दोन रविवार एक पत्र्याची पेटी घेऊन तिकडच्या, घरं पडलेल्यांच्या तात्पुरत्या शेडमध्ये जायचो. पेटीत चाळीसेक पुस्तकं असायची. मला कोणी सांगितलं नव्हतं. लोक धान्य, चादरी, भांडी नेत होते. मला देण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही, आणि पुस्तकं घेऊन गेलो तर लोक हसतील या भीतीनं पहिल्या रविवारी मी पेटी एसटी स्टँडवरच ठेवून परत यायच्या बेतात होतो. पण दुपारच्या वेळी त्या तापलेल्या पत्र्यांच्या रांगांत माणसं नुसती बसलेली असायची. ज्यांना वाचता येत होतं ती वाचू लागली, ज्यांना येत नव्हतं ती ऐकू लागली. पुस्तकांची नावं कोणी घेत नसे. हत्तीचं पुस्तक, तुरुंगाचं पुस्तक, विहिरीचं पुस्तक, अशी नावं त्यांनीच पाडली.

एकदा मी एका बाईला गोष्टींचं हलकंफुलकं पुस्तक दिलं. त्यातल्या दुसऱ्याच गोष्टीत रिकाम्या पाळण्याचा प्रसंग होता, तो मी विसरलो होतो. तिनं पुस्तक आणून पेटीत पालथं ठेवलं. तिथं दगडोबा नावाचे म्हातारे मेंढपाळ बसलेले होते, अक्षरावर बोट ठेवून वाचणारे. ते मला म्हणाले, "मास्तर, डाक्टर औषध देतंय तर इचारून देतंय. तुमी न इचारता देऊन राहिलाव. कुणाला द्यायचं ते लिवा, आन कुणाला द्यायचं न्हाई ते बी लिवा."

त्या दिवशी मी वहीत दोन रकाने आखले. कोणाला द्यावे. कोणाला देऊ नये. ज्यानं पुस्तक वाचलं त्यानं सांगायचं आणि मी लिहायचं, त्याच्याच शब्दात, त्याच्या नावासकट. हत्तीच्या पुस्तकापुढे लिहिलं आहे, झोप येत नसेल त्याला द्या, देऊ नका असं कोणी नाही. एका निबंधाच्या पुस्तकापुढे आहे, लिहिणारा लई शहाणा हाय, मास्तरलोकांला देऊ नका, आणखीन बिघडतील. तुरुंगाच्या पुस्तकापुढे, जावई आत हाय त्या म्हातारीला देऊ नका. आठ महिन्यांत दोनशेच्या वर नोंदी झाल्या. ग्रंथपालनाच्या माझ्या कोर्समध्ये असलं काही शिकवलेलं नव्हतं, म्हणून मी ती वही कोणाला दाखवायला लाजायचो. पण पुस्तकांची त्याहून चांगली यादी मी आयुष्यात पाहिलेली नाही.

विहिरीच्या पुस्तकापुढे पहिल्या रकान्यात दगडोबांची ओळ होती, ज्याचं कोणी ऐकून घेत नाही त्याला द्या. दुसऱ्या रकान्यातली ओळ सिंधुची होती. सिंधु सातवी शिकलेली. तिचा नवरा भूकंपात गेला. सात वर्षांची सुकन्या आणि चार वर्षांचा सत्यम एकाच भिंतीखाली सापडले, एकोणीस तास. सत्यम काही वेळ बोलत होता. सुकन्या त्याला सांगत होती की वर खोदायचा आवाज येतोय, लोक आले, आता थोडंच राहिलं. आवाज येत नव्हता. हे तिनं आईला एकदाच सांगितलं आणि पुन्हा कधी तोंडातून काढलं नाही. पुस्तकातला थोरला भाऊ धाकट्याला हुबेहूब तेच सांगतो. सिंधुनं ते पान वाचलं, पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं आणि वहीत लिहायला लावलं, माझ्या सुकन्याच्या हाताला लागू देऊ नका. माझ्याकडून शब्द घेतला. मी ते पुस्तक पेटीतून काढून वाचनालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं, आणि नऊ वर्षं ते तिथंच होतं.

मग यादीत कसं गेलं? मीच घातलं.

आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मारोती आला होता. मूळचा कंधारकडचा, शाळेला अहमदपूरला मामाकडे होता. त्या सात वर्षांत त्यानं आमचं अर्धं वाचनालय वाचून काढलं. आता लातूरला तो मोठा, तीन मजली क्लास त्याचाच होता आणि सगळे त्याला सर म्हणत होते. तो शाल-नारळ घेऊन आला, पाया पडला आणि म्हणाला, पोरं गाइडशिवाय काही वाचत नाहीत आप्पा, त्यांच्यासाठी शंभर पुस्तकांची यादी करून द्या. तीस वर्षं मी त्या खुर्चीत बसलो होतो आणि काय वाचावं हे मला कोणी असं मागितलं नव्हतं. तीन महिने मी दुसरं काही केलं नाही. मळलेल्या वहीतून नोंदी काढल्या आणि चांगल्या कागदावर, चांगल्या अक्षरात उतरवल्या.

पण लातूरचे प्राध्यापक ती यादी बघणार होते. मेंढपाळाच्या आणि विधवेच्या तोंडची वाक्यं, तीही 'देऊ नका' म्हणणारी, बघून ते काय म्हणतील, याची मला लाज वाटली. दुसरा रकाना मी गाळला. पहिल्या रकान्यातली माणसांची नावं गाळली आणि त्यांची भाषा धुऊन काढली. विहिरीच्या पुस्तकाशी येऊन हात थांबला होता, हे नाकारणार नाही. पण माझं ते सगळ्यात आवडतं पुस्तक. ते नसलेली यादी माझी वाटेना. सुकन्या तेव्हा गावातल्याच शाळेत होती, आणि लातूर केवढं मोठं, असं मनाशी म्हणून मी लिहिलं, 'संकटात धीर देणारी कादंबरी'.

सिंधु येऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी लातूरला निघालो. जिलानी बरोबर आला. जिलानी आमच्या वाचनालयाचा बाइंडर, मागच्या गल्लीत त्याचं दुकान. त्यानं शिवली नाहीत अशी पुस्तकं आमच्याकडे थोडीच. मी भांडायला चाललोय म्हटल्यावर त्यानं हातातला खळीचा ब्रश बाजूला ठेवला आणि म्हणाला, थांबा, हे मला बघायचंय. एसटीत मी मारोतीला काय काय सुनवायचं ते मनात जुळवत होतो. मधेच मोठ्यानं बोलत असेन, कारण जिलानी म्हणाला, "आप्पा, एवढं शुद्ध बोललाव तर त्याला वाटंल भाषण करून राहिले. टाळ्या वाजवंल."

क्लासच्या दारात गेल्या चार वर्षांतल्या पहिल्या आलेल्यांचे फोटो होते, पासबुकावर चिकटवतात तसे चेहरे. जिन्यात मुलं-मुली भिंतीला टेकून, ओठ हलवत पाठ करत होती. एकाच्याही हातात पुस्तक म्हणावं असं काही नव्हतं, सगळ्यांच्या हातात झेरॉक्स. मारोती उठून आला, पुन्हा पाया पडला, आणि माझा अर्धा राग तिथंच गळाला. माझं असंच होतं. समोरच्यानं मान दिला की मी त्याच्या बाजूचा होतो.

मी कसंबसं विचारलं की त्या मुलीला ते पान का दिलं. त्यानं शांतपणे एक फाइल मागवली आणि माझीच यादी माझ्यासमोर धरली. माझं अक्षर, माझी सही. तीस सप्टेंबरच्या कार्यक्रमाला संकटात धीर देणारं काही हवं होतं, तुमच्या यादीत हेच निघालं, आणि भूकंपातली मुलगी ते वाचतेय यापेक्षा चांगलं काय, असं त्याच्या माणसांना वाटलं. मी म्हणालो, हे तिला द्यायचं नव्हतं. तो म्हणाला, "मग तसं लिहायचं होतं की आप्पा. तुम्ही लिहिलं असतं तर मी छापलं असतं."

मी वहीतल्या दुसऱ्या रकान्याचं सांगितलं. मला वाटलं त्याला वाईट वाटेल. त्याचे डोळे चमकले. म्हणाला, ही तर जबरदस्त आयडिया आहे, पुढच्या आवृत्तीत घालू, असं कोणत्याच क्लासकडे नाही.

आणि मग त्यानं कौतुकानं एक जाड पुस्तिका माझ्या हातात दिली. माझ्या शंभर पुस्तकांचं गाइड होतं ते. एका पुस्तकाला एक पान. वर सारांश, खाली प्रश्न. मी विहिरीचं पान काढलं. विहिरीत किती भाऊ अडकले होते? एक, दोन, तीन, यांपैकी नाही. धाकट्याचा आवाज कधी बंद झाला? पहाटे, दुपारी, संध्याकाळी, सांगता येत नाही. बरोबर उत्तरावर ठळक टिंब होतं.

मी ते पान त्याच्यापुढे धरलं. हे कोणी लिहिलं म्हणून विचारलं. आमची टीम, तो म्हणाला. त्यांनी पुस्तक वाचलं का म्हणून विचारलं. पुण्याहून एक प्रत आणवली होती, हवी ती पानं झेरॉक्स करून परत केली.

"मारोती," मी म्हणालो, "हे पुस्तक तू माझ्याकडून तीन वेळा नेलं होतंस."

"हाव. तीन वेळा." तो खाली बघत म्हणाला. "पण मला तेव्हा वेळच वेळ होता आप्पा. ह्यांच्याकडं कुठं हाय? सकाळी सहाला बसतात, राती दहाला उठतात. सार काढून न्हाई दिलं तर तेवढं बी व्हायचं न्हाई."

तो ढोंग करत नव्हता, हेच मला सहन होईना. मी फाइलीतून माझे कागद ओढून काढले. तो म्हणाला, घेऊन जा ना आप्पा, आमच्याकडं टाइप केलेली हाय, बारा हजार प्रती गेल्यात.

खाली रस्त्यावर आल्यावर जिलानी म्हणाला, "तुम्ही भांडलाव कधी? माझं लक्ष होतं की." मी चिडून म्हणालो की मला जमत नाही, माहीत आहे तुला. त्यानं माझ्या हातातली पुस्तिका घेतली, शिवण बघितली आणि म्हणाला, पिना मारल्यात, वर्षभर बी टिकणार नाही. त्याच्या लेखी ती शिवी होती.

नांदेडला मी एकटा गेलो. सुकन्याची मावशी सरजाबाई एका दवाखान्यात आया होती, गोदावरीच्या बाजूच्या वस्तीत दोन खोल्यांत राहायची. ती ड्यूटीवर गेलेली. सुकन्या दारासमोर भांडी घासत होती. तिला मी शेवटचं पाहिलं तेव्हा ती दहा वर्षांची असेल. तिनं ओळखलं, पण हात थांबवले नाहीत.

मी उभ्यानंच माफी मागितली. ठरवलं होतं तसं सगळं बोललो, माझी चूक होती, ते पान तुझ्यापर्यंत यायला नको होतं, तुला त्रास झाला. तिनं पातेलं विसळून पालथं घातलं.

"तुमाला कोण सांगितलं मला वाचून त्रास झाला म्हून?"

मी म्हणालो, तू अर्ध्यात उठून गेलीस.

"मी न्हाई गेले अर्ध्यात. कागद अर्ध्यात गेला." ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली. "थोरला म्हणतो, आवाज येतोय बघ. आन खाली टिंबं. तीन टिंबं. मी सरांला विचारलं पुढं काय झालं. ते म्हणले, टाइम संपला, तेवढंच हाय. तेवढंच कसं असंल? पुस्तक हाय ना ते?"

इथल्या दोन वाचनालयांत तिनं शोधलं होतं. कुठं प्रत नव्हती. माझ्याकडे होती, हे तिला माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, लहानपणापासून माहीत होतं.

"शेडमधल्या सगळ्या पोरांला ठाऊक होतं. सुकन्याला एक पुस्तक द्यायचं न्हाई. त्याच्यात सुकन्या हाय. मला चिडवायची. नऊ वर्षं मला वाटायचं, मी काय केलं ते कुणीतरी छापलंय आन तुमी टेबलात कुलूप घालून ठेवलंय."

मी म्हणालो, तुझ्या आईनं शब्द घेतला होता.

"आई माझी हाय. तिचं मी बघून घेईन. तुमी कोण?"

त्या प्रश्नाला मी आजपर्यंत उत्तर शोधतो आहे. तेव्हा म्हणालो, मी तुला सांगतो पुढे काय होतं ते. तिनं ओला हात वर केला. सांगू नका, म्हणाली. सगळ्यांनी मला सांगूनच ठेवलंय. पुस्तक द्या. पुस्तक दिल्याशिवाय मी कुठं जाणार न्हाई आन कुणाशी बोलणार न्हाई, हे आईला सांगा. मग ती भांडी उचलून आत गेली.

तिच्या हट्टाचा मला राग आला नाही. राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. ते पान पुस्तकात नव्वदावं आहे. पुस्तक दोनशे चाळीस पानांचं. धाकटा जगत नाही, थोरला वर येतो, आणि पुढची दीडशे पानं तो सगळ्या गावावर चिडलेला असतो, देवावर, मुकादमावर, आईवर, मेलेल्या भावावर, आणि आपण खोटं बोललो म्हणून स्वतःवर. ते खोटं किती गरजेचं होतं हे त्याला कळायला तेवढी पानं लागतात. शेवटी तो दुसऱ्या गावात पुन्हा विहिरीत उतरतो. दगडोबांनी लिहायला सांगितलेलं, ज्याचं कोणी ऐकून घेत नाही त्याला द्या, ते त्या दीडशे पानांबद्दल होतं. क्लासनं नव्वदाव्या पानावर टिंबं दिली. आणि नऊ वर्षांपूर्वी सिंधुनंही नव्वदाव्याच पानावर पुस्तक मिटलं होतं, ते माझ्यासमोर.

दुसऱ्या दिवशी मी खणातून पुस्तक काढलं, पिशवीत घातलं आणि सिंधुच्या गावी गेलो. नव्या वसवलेल्या गावातली सगळी घरं एकसारखी, मी दरवेळी चुकतो. ती अंगणवाडीत मदतनीस होती, मुलं जेवून गेली होती, ती सतरंज्या गुंडाळत होती. मी तिला सगळं सांगितलं. यादी मी केली, पुस्तक मी घातलं, रकाना मी गाळला, का गाळला. त्या दिवशी चौकशी करतो म्हणालो तेही खोटं. मग सुकन्या काय म्हणाली ते.

तिनं सतरंजी खाली ठेवली. मी वाट बघत होतो की ती मला हाकलून देईल.

"पुढं काय हाय त्याच्यात?"

मी थोडक्यात सांगितलं. थोरला चिडतो, मग चिडून चिडून शेवटी कुठं येतो ते.

"हे तुमी तवा वाचलं होतं?"

वाचलं होतं, मी म्हणालो. चारदा.

"मी त्या पानावर थांबले. तुमच्या देखत. माझी लेक राती उठून वर बघत बसायची, तिला कुणी काय सांगावं कळत नव्हतं. आन तुमाला ठाऊक होतं पुढं काय हाय." तिचा आवाज चढला नव्हता. "एकदा तरी म्हणायचं होतं, बाई, पुढचं वाच."

मी म्हणालो, तुम्ही नको म्हणालात.

"मी नको म्हणले. माझं डोकं ठिकाणावर होतं का तवा? तुमचं होतं ना? लिहून घेतलं नुसतं. जे म्हणंल ते लिहून घेतलं."

तिनं माझ्या पिशवीतून पुस्तक स्वतःच काढून घेतलं. वहीतल्या त्या ओळीचा मला नऊ वर्षं अभिमान वाटत होता, शब्द पाळल्याची. ती म्हणाली, मी उद्या नांदेडला जाते, तुम्ही येऊ नका, आता हे आम्हा दोघींचं आहे. मी काही तरी बोलायला गेलो तर तिनं पुन्हा सतरंजी उचलली.

त्या संध्याकाळी मी मारोतीला पत्र लिहिलं. चार मसुदे नम्र झाले, ते फाडले. पाचवा तीन ओळींचा होता. माझं नाव काढ. गाइड बंद कर. मी तुला ते पुस्तक तीनदा दिलं याचा मला पश्चात्ताप होतोय. शेवटची ओळ खरी नव्हती, पण मी ती ठेवली. उत्तर आलं नाही. पुढच्या वर्षीच्या पत्रकात माझं नाव होतंच, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात.

सिंधुचा फोन पंधरा दिवसांनी आला. आमच्याकडे फोन नव्हता, शेजारच्या एसटीडीवाल्यानं हाक मारली. ती म्हणाली, दोघींनी वाचलं. सुकन्या मोठ्यानं वाचत होती, तीन दिवस लागले. मधे एक दिवस दोघी भांडल्या, कशावरून ते तिनं सांगितलं नाही. आता सुकन्या बोलते आहे. लातूरला मात्र परत जाणार नाही, नांदेडच्याच कॉलेजात नाव घालायचं चाललंय. फोटो छापू नका म्हणून क्लासला कळवलंय. मी मूर्खासारखं विचारलं, पुस्तक? ठेवलंय, ती म्हणाली. आणि फोन सुकन्याकडे गेला.

तिनं नमस्कार वगैरे केला नाही.

"आप्पा, त्या वहीत देऊ नका म्हून आणखीन किती हायती?"

मी म्हणालो, पुष्कळ आहेत. सगळ्यांची कारणं वेगळी.

"त्याची यादी पाठवा मला."

मी तिला सांगायला लागलो की तो रकाना दुसऱ्यांच्या दुःखांचा आहे, त्यात माणसांची नावं आहेत, ती मी कोणाला दाखवू शकत नाही, आणि मी कोण ठरवणारा हे तू विचारलंस ते बरोबरच आहे, पण तरी... ती मधेच म्हणाली, तुम्ही लई बोलता आन देत काही न्हाई. फोन ठेवला.

दुपारभर मी वही उघडून बसलो. यादी पाठवली नाही. त्या रकान्यातली पाच पुस्तकं कपाटातून काढली, ज्यांच्यामुळे ती बाजूला ठेवली होती ती माणसं आता वारलेली किंवा गाव सोडून गेलेली होती. ही पाच निवडतानाही मला खात्री नव्हती. दोनदा एक बदललं, पुन्हा पहिलंच घेतलं. जिलानीनं गठ्ठा बांधला आणि विचारलं की वर काय लिहायचं, कशासाठी आहेत, कोणी वाचायची. काही लिहू नको, मी म्हणालो, फक्त पत्ता. एसटीच्या पार्सलमध्ये मी स्वतः नेऊन टाकली. पोहोच आली नाही. दिवाळीच्या आधी एक पोस्टकार्ड आलं, त्यावर एवढंच होतं की तिसरं पुस्तक फालतू आहे, ते कोणालाच देऊ नका, आणि बाकीची संपली.